बाल्कनीतला अनोळखी इसम

त्याला सगळे भिंगरी म्हणत. विमा कंपनीत कामाला होता, पण खुर्चीत क्वचितच दिसायचा. फोन आला की फेऱ्या, चहा आला की फेऱ्या. एका जागी बसायचं म्हटलं की त्याच्या पायांना मुंग्या यायच्या.

बाळंतपणाची रजा संपून बायको त्या दिवशी पहिल्यांदाच कामावर निघाली होती. भिंगरीने लेकीला सांभाळायला सुट्टी घेतली होती, तरी बायकोचं पाऊल दारातून निघत नव्हतं. त्याने तिची समजूत घातली. दारांना फोनवर उघडणारी नवी कुलपं होती, बाल्कनीत चेहरा ओळखणारा कॅमेरा होता, पाळण्यावर कान ठेवणारं यंत्र होतं. मग काळजी कसली?

"निर्धास्त जा," तो म्हणाला. "आपलं घर माझ्यापेक्षा हुशार आहे."

"त्याचीच तर भीती वाटते," म्हणत ती गेली.

लेकीने सकाळभर घर डोक्यावर घेतलं. तिला खांद्यावर टाकून भिंगरीने इतक्या फेऱ्या मारल्या की फरशी झिजायची बाकी राहिली. शेवटी एकदाची ती झोपली. फोन पाळण्याशेजारी ठेवून तो चवड्यांवर चालत बाल्कनीत दुपटी वाळत घालायला गेला. ऊन कडक होतं म्हणून एक ओलं दुपटं डोक्याला गुंडाळलं.

मागे काचेचं दार सरकलं आणि खट्ट झालं. चोर शिरू नये म्हणून दार आपोआप बंद व्हावं, ही त्याचीच हौस. बाहेरून ते उघडायला फोन किंवा कॅमेऱ्याच्या ओळखीचा चेहरा लागायचा, आणि फोन काचेपलीकडे लेकीच्या उशाशी.

त्याने मोठ्या आशेने कॅमेऱ्याकडे पाहिलं. कॅमेऱ्याला ठाऊक होता तो इस्त्रीच्या शर्टातला, गुळगुळीत दाढीचा भिंगरी. हे दाढीचे खुंट वाढलेलं, फडकं गुंडाळलेलं ध्यान त्याच्या ओळखीचं नव्हतं.

"अनोळखी इसम," बाल्कनीतला स्पीकर म्हणाला. "कृपया निघून जा."

तिसऱ्या मजल्यावरून जायचं कुठे? भिंगरी फेऱ्या मारायला लागला. हालचाल दिसताच स्पीकरमधून भलामोठा कुत्रा भुंकू लागला. तो थबकला की कुत्रा गप्प, पाऊल उचललं की पुन्हा सुरू. शहाण्या माणसाने स्वस्थ उभं राहावं, पण आत एकटं लेकरू आणि त्यात हा भिंगरी. कुत्र्याला श्वास घ्यायला उसंत मिळेना.

खालच्या मजल्यावरच्या काकू वैतागून बाहेर आल्या. इमारतीत कुत्रा पाळायचा तर आधी विचारायची पद्धत असते, असं त्यांनी वर मान करून सुनावलं. भिंगरीने कठड्यावरून वाकून, भुंकण्यावर आवाज चढवून, कुत्रा नाही, मीच आहे, असं सांगितलं. काकू जरा घाबरल्या. मग सगळा प्रकार कळल्यावर त्यांनी त्याच्या बायकोच्या ऑफिसात फोन लावला.

बायको बैठकीत होती. काकूंचा फोन घेण्याआधी आपला मोबाइल उघडून पाहते तर घराने धाडलेले फोटो: कठड्यावर ओणवा झालेला, डोक्याला फडकं बांधलेला दरोडेखोर. काळजाचं पाणी झालं. मग तिला फडक्यावरची बदकं दिसली. दुपटं ओळखीचं निघालं, त्यावरून नवराही ओळखू आला.

"चिमणी कशी आहे?" काकूंमार्फत तिने पहिला प्रश्न विचारला.

भिंगरीने काचेला नाक लावलं. दार जाड होतं, आत भुंकण्याचा मागमूस नव्हता. लेक मुठी सैल सोडून गाढ झोपली होती. त्याचा जीव भांड्यात पडला. सकाळपासून तो प्रथमच एका जागी स्थिर उभा राहिला, आणि कुत्राही थांबला.

बायकोने ऑफिसातून बटण दाबलं. दार अलगद सरकलं. श्वास रोखून, पाय न वाजवता भिंगरीने आत पाऊल टाकलं.

"सुस्वागतम!" दिवाणखान्यातला स्पीकर खड्या आवाजात गरजला.

पाळण्यातून टाहो फुटला.

"बाळ रडत आहे," घराने त्याला कळवलं.