साडेतीनशेचा हेडफोन आणि भिमाचा पाय

"पैसा कुठं घालावा हे अख्ख्या विंझरात एकट्या मला कळतं!" असं सावळारामनाना छाती पुढं काढून सांगायचे, आणि समोरच्याला दुसरं काही काम नसलं तर तो ऐकूनही घ्यायचा. नानांनी पुण्यात लष्कराच्या बिनतारी खात्याच्या गोदामात बावीस वर्षं शिपाईगिरी केली होती. तिथं एकदा एका साहेबानं गंमत म्हणून आपला हेडफोन त्यांच्या डोक्यावर चढवला. आत कोणी बाई गात होती. नानांना वाटलं, बाई आपल्या डोक्यातच मांडी घालून बसलीय! त्या दिवसापासून त्यांना बाहेरून ऐकू येणारं प्रत्येक गाणं पाणचट लागायला लागलं. निवृत्तीचे पैसे हाती आले तसे त्यांनी त्यातले साडेतीनशे बायकोच्या, म्हणजे धोंडाबाईच्या, नकळत बाजूला काढले आणि एकाहत्तरची दिवाळी होताच एसटीनं भोर गाठलं.

भोरात कुंडलिक रेडिओ दुरुस्त करायचा. त्यानं नानांचं बोलणं ऐकून हातातलं काम खाली ठेवलं.

"नाना, पैशाचं तीन वाटं करा. निम्मं चांगल्या ट्रान्झिस्टरला, थोडं छपरावरच्या तांब्याच्या तारंला, आन् उरंल त्यात बरासा हेडफोन. तुमचं गाव डोंगरात हाय. तार न्हाई तर त्यो इस्टेशनच धरायचा न्हाई."

"कानाला काय लावत्यात? तार लावत्यात का हेडफोन?"

"हेडफोनच, पर..."

"मंग झालं तर!"

नानांनी पुण्याच्या जुन्या बाजारातून तीनशे वीस रुपयांचा विलायती हेडफोन आणला. कातडी गाद्यांचा, भला थोरला, मान वाकवणारा! उरलेल्या तिसात कुंडलिकच्याच फळीवरचा एक म्हातारा ट्रान्झिस्टर घेतला. त्याचा भोंगा फाटलेला होता, पण नानांना भोंग्याची गरजच नव्हती. कुंडलिकनं वायर जोडून दिली, आणि गावात त्या सगळ्याला 'साडेतीनशेचा हेडफोन' हेच नाव पडलं.

संध्याकाळी ओटीवर बसून नानांनी हेडफोन चढवला, डोळे मिटले आणि खटका ओढला. सुंऽऽऽ! त्यांनी काटा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. सगळीकडे सुंऽऽऽ! पण काय सुं होती! इतकी स्वच्छ, इतकी रेखीव सुं अख्ख्या वेल्हे तालुक्यात कुणी ऐकली नसेल.

"काय गातंय वो?" धोंडाबाईनं विचारलं.

"तुला न्हाई कळायचं. शास्त्रीय हाय."

आता तार आणायची तर पैसे संपलेले, आणि कुंडलिक बरोबर होता हे कबूल करायचं तर त्यापेक्षा बहिरं झालेलं बरं. म्हणून नाना रोज दोन तास डोळे मिटून सुं ऐकत बसायचे आणि मधूनमधून मान डोलवायचे. इथवर कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

डिसेंबरात लढाई लागली. शेजारच्या जाईबाईचा एकुलता एक भिमा फौजेत होता. जाईबाई विधवा. भिमाची सुपारी फुटलेली. आंबवड्याच्या साहेबरावांची रतन ठरलेली. रजा मिळाली की लगीन. लढाईची बातमी आली आणि जाईबाईनं अन्न सोडलं. दुकानाच्या छपरावर तार होती, तिथला रेडिओ दिवसभर ओरडायचा, पण त्यात भिमाचं नाव कुठलं? मग गावानंच हिशेब लावला. दुकानातला रेडिओ सगळ्यांना ऐकू येतो, म्हणजे ती वरवरची बातमी. जे एकाच माणसाच्या कानात येतं ते आतलं! शिवाय नाना लष्करातले. जाईबाई येऊन ओटीवर बसली.

"नाना, लई इचारीत न्हाई. माजा भिमा हाय का न्हाई, येवडंच आयकून सांगा."

"वयनी, ह्यात तसलं काय येत न्हाई."

"मला कळू द्यायचं न्हाई म्हून म्हनताय न्हवं?" आणि तिनं पदर तोंडात कोंबला.

नानांच्यानं ते पाहवेना. त्यांनी हेडफोन चढवला, सुं ऐकली आणि म्हणाले, "हाय."

त्या रात्री जाईबाई अर्धी भाकरी जेवली. नानांना इतकं बरं वाटलं की दुसऱ्या दिवशी ते आपणहूनच म्हणाले, "आज भिमाबी जेवला." तिसऱ्या दिवशी भिमाला नवं कांबळं मिळालं. सहाव्या दिवशी मात्र जाईबाईनं डोळे बारीक केले.

"रोज बरा, रोज बरा! लढाईत मानूस रोज बरा आसतो व्हय? तुमी मला फसवताय, नाना!"

खोटं पटावं म्हणून त्यात थोडं दुःख घालावं लागतं, हे नानांना त्या क्षणी सुचलं. आणि सुचायला नको होतं!

"बरं, सांगतो. पायाला जरासं खरचटलंय."

जाईबाई रडली, पण तिला ते पटलं. ही बातमी दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीत बसली. नसरापूरला पायाचं हाड मोडलं. भोरला पाय कापला. आंबवड्यात पोचली तेव्हा भिमा कुबड्या घेऊन उभा होता!

तिसऱ्या दिवशी साहेबराव नानांच्या ओटीवर हजर. मागं निम्मं गाव.

"नाना, माजी एकच पोर हाय. डोंगरातली शेती येका पायावर व्हत न्हाई. यंत्र लावा आन् खरं सांगा, पाय हाय का ग्येला?"

नानांना एवढंच म्हणायचं होतं की बाबा, या यंत्रात काहीच ऐकू येत नाही. पण समोर धोंडाबाई, समोर गाव, समोर जाईबाई दोन्ही हात जोडून! त्यांनी हेडफोन चढवला. सुंऽऽऽ. नाना धीर गोळा करत राहिले. बराच वेळ गेला.

"हाय," ते शेवटी म्हणाले. "पाय हाय."

साहेबरावांनी ते 'हाय' ऐकलंच नाही. त्यांनी मधला बराच वेळ ऐकला. अर्धा चहा ठेवून ते उठले.

लढाई संपली. पौष लागला. भिमाचं पत्र आलं: 'मी खुशाल आहे. पंजाबात कोठारावर बटाट्याची पोती उतरवतो. लढाई लांबूनसुद्धा दिसली नाही.' गावानं पत्र वाचून माना हलवल्या. पोरगं गुणाचं, आईला काळजी नको म्हणून लपवतंय! जाईबाई पत्र घेऊन नानांकडं आली.

"ह्यात पायाचं कायबी न्हाई लिवलं."

नानांना आता खरोखरच सहन होईना. "वयनी, म्या खोटं बोललो. ह्या यंत्रात नुसतं सुं वाजतंय. पाय, कांबळं, समदं खोटं."

"आन् पयल्या दिशी 'हाय' म्हनलासा, ते?"

"तेबी."

जाईबाई खाली बसली. पोरगा जिवंत असल्याचं पत्र हातात, आणि बाई ते पुन्हापुन्हा चाचपून बघत होती. मग तिनं एवढंच म्हटलं, "आंबवड्याला जा."

नाना गेले. विंझर ते भोर, भोर ते आंबवडे, सबंध वाट त्यांनी वाक्य घोकलं आणि साहेबरावांच्या अंगणात उभ्याउभ्या बोलून टाकलं. साहेबरावांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग नानांच्या खांद्यावर हात ठेवला.

"शेजारधर्म पाळताय. चांगलं मानूस तुमी."

"आवो, शपथ घेतो! काईच आयकू येत न्हाई त्यात!"

"नाना, साडेतीनशे रुपयं मोजून कुनी मानूस दोन म्हैनं नुसतं सुं आयकत बसंल व्हय? खुळा का काय त्यो?"

नाना आल्या वाटेनं परतले. साहेबरावांनी पौष सरायची वाट पाहिली एवढंच. माघ लागताच रतनला भोरातल्या एका बिजवराला दोन लेकरांवर दिली. मांडवात पोर इतकी रडली म्हणतात, की वाजंत्री थांबवावी लागली.

फाल्गुनात दुपारच्या एसटीतून भिमा उतरला. ट्रंक खांद्यावर, ताठ, दोन्ही पायांवर! वाटेतली माणसं त्याच्या तोंडाकडं न बघता गुडघ्यांखाली बघत होती. घरी त्याला आईनं सगळं सांगितलं. दिवस मावळायच्या आत तो नानांच्या ओटीवर आला. धोंडाबाईनं चहा ठेवला. नाना मार खायच्या तयारीनं कोपऱ्यात बसले होते. खरं तर त्यांना मार हवाच होता. पण भिमा चिडला नाही. त्यानं चहा संपवला, कपबशी बाजूला सारली आणि आपले दोन्ही पाय पुढं पसरून त्यांच्याकडं बघत बसला.

"नाना," तो म्हणाला, "कोनता पाय वो?"

नानांनी आधी उजव्या पायाकडं पाहिलं, मग डाव्याकडं. तीन महिन्यांत हे त्यांना कुणीच विचारलं नव्हतं.

"त्ये..." नाना म्हणाले, "त्ये म्या ठरवलंच नव्हतं."