नंबर तोच, कंपनी नवी

फोन वाजला की गफूरभाई उभे राहायचे. हातात पाना असो की पुढ्यात भाकर. आधी उठायचं, टोपी नीट करायची, मगच हिरवं बटण दाबायचं. "समोरचा मानूस वावरात उभा राहून बोलून राह्यला, ताई. आपन बसून कसं बोलाव?"

अकोल्यात माझं झेरॉक्सचं दुकान आणि त्यांचं फवारणी पंप दुरुस्तीचं दुकान, मध्ये एकच भिंत. दुकानामागच्या खोलीत ते एकटेच राहत. बस वेळेवर आली तरी त्यांना शंका यायची, "याच्यात गोम काय हाये?"

नंबर न बदलता कंपनी बदलायची सोय तेव्हा नवीनच आली होती. गफूरभाईंना शेतकरी मिस्ड कॉल द्यायचे आणि हे उलट लावायचे, त्यामुळे त्यांचा बॅलन्स कधी टिकत नसे. मीच एकदा म्हटलं, "नव्या कंपनीत निम्म्यात भागेल. बदलून टाका. नंबर तोच राहतो."

पाना खाली ठेवून ते माझ्याकडे बघत राहिले. "कंपनी नवी, तं नंबर तोच कसा? आन् नंबर तोच, तं कंपनी नवी कशी?"

"घर बदललं म्हणून तुमचं नाव बदलतं का?"

"नाव नाई बदलत. पन पोस्टमन जुन्याच घरी जाते ना!"



पुढचा महिनाभर त्यांनी सगळ्या गल्लीचा सल्ला घेतला आणि प्रत्येक सल्ल्यानं जास्तच गोंधळले. चहावाला म्हणाला, बदला. सायकलवाला म्हणाला, पातूरकडे नव्या कंपनीची रेंज मिळत नाही. झालं! गफूरभाई एसटीनं पातूरला गेले. नव्या कंपनीचा फोन असलेल्या एका गिऱ्हाइकाला टेकडीखाली उभं केलं आणि स्वतः वर चढून त्याला फोन लावला. बोलणं अगदी स्वच्छ ऐकू आलं. पण ते फोनमधून आलं की खालून थेट, हे काही त्यांना ठरवता येईना. नांदगाव पेठेत कापड कारखान्यात काम करणारा त्यांचा साडू म्हणाला, दोन सिमचा फोन घ्या. त्यावर यांनी दोन दिवस विचार केला. मग एकदम मला म्हणाले, "दोन नंबर ठेवले, तं मानसानं लावाव कोन्त्यावर?"

शेवटी मीच त्यांना मोबाइलच्या दुकानात ओढत नेलं. तिथल्या मुलीनं फॉर्म काढला, फोटो चिकटवला आणि सहज म्हणाली, "काका, बदल होईल त्या दिवशी सकाळी फोन बंद पडेल. दोन-चार तासांनी नवं सिम सुरू होईल."

"राहू द्या, बाई," म्हणून गफूरभाई सरळ बाहेर पडले.

रस्त्यात मी चिडलेच. "अहो, चैत्रात कोण फवारणी करतं? चार तासांत कोणाचा पंप अडणार आहे?"

"या दिवसात पंपासाठी कोनी फोन नाई करत, ताई." चालता चालता ते थांबले. "मांगच्या साली कपाशी बुडाली. बाळापूरकडच्या एकाचा दुपारी मिस्ड कॉल आला. मी म्हटलं, जेवतो आन् लावतो. जेवून लावला, तं त्याच्या भावानं उचलला. तो गेला होता. आपल्याच हातानं." मग खाली बघत म्हणाले, "काय सांगाचं होतं त्याले, मले मालूमच नाई."

दुकान आल्यावर मी म्हटलं, "त्या दिवसापुरता माझा नंबर द्या सगळ्यांना."

मग त्यांनी फॉर्म भरला आणि एकेकाला फोन लावून माझा नंबर सांगितला. ठरल्या दिवशी सकाळी त्यांचा फोन बंद पडला. मी नवं सिम घालून दिलं. फोन हातात घेऊन ते माझ्या दुकानात स्टुलावर बसले. दहाच्या सुमारास माझा फोन वाजला.

"गफूरभाई हायेत का?"

"आहेत. काय काम होतं?"

"काम काई नाई, जी. फोन बंद राहीन म्हनले, तं जिवाले घोर लागला. एकटा मानूस हाये. तब्येत बरी हाये ना?"

मग फोनमागून फोन. बारा वाजेपर्यंत माझं एक पान झेरॉक्स झालं नाही. पंपाचं नाव कोणी काढलं नाही. एकानं विचारलं, जेवले का? एक जण म्हणाला, दवाखान्यात न्यायचं असेल तर गाडी घेऊन येतो. मी प्रत्येकाचा निरोप मोठ्यानं सांगत होते आणि गफूरभाई गोंधळून माझ्याकडे बघत होते, जणू मी दुसऱ्याच कोणाबद्दल बोलत होते.

एका म्हातारीला माझं सांगणं काही पटेना. शेवटी मी फोन त्यांच्याच हातात दिला. तिचा आवाज मलाही ऐकू आला. "काय झालं रे, बावा? खरं सांग. येऊ का मी?"

गफूरभाई आज उठायचंच विसरले. "नाई, माय," ते कसेबसे म्हणाले, "बरा हाये मी." आज काय भाजी केली, असं म्हातारीनं विचारलं. मग ते सांगत बसले. काल काय केलं, आज काय करणार, मीठ कसं जास्त पडतं. त्यांच्या मांडीवरच्या फोनात नव्या कंपनीची रेंज कधी आली, ते आम्हा दोघांनाही कळलं नाही.