पाणघोड्यादेखत लिहिलेलं पत्र

थोरल्या बहिणीचं पत्र येऊन तीन महिने होत आले होते आणि ग्रंथपालकाकांनी अजून त्याला उत्तर दिलं नव्हतं. पत्र तसं लहानच होतं. 'छोट्या, गुडघा आता बरा आहे. चार दिवस तुमच्याकडे येऊन राहावं म्हणते. चालेल का? फोनवर विचारलं की माणसाला नाही म्हणता येत नाही, म्हणून लिहून विचारते आहे. सवडीने कळव.'

आता, ज्या माणसाने उभी हयात वाचनालयात पुस्तकांना क्रमांक देण्यात घालवली, त्याला नुसतं 'ये' म्हणून कळवणं बरं दिसेना. नीट विचार करून लिहावं असं काकांनी ठरवलं, आणि विचार करण्यात महिना गेला. मग उशिराबद्दल माफी मागणं आलं. उशीर वाढला तशी माफी वाढली, माफी वाढली तसं पत्र वाढलं, आणि पत्र वाढलं म्हणून उशीर वाढला. दर रविवारी ताईचा फोन यायचा. काका घाईघाईने म्हणायचे, "पत्र मिळालंय हं ताई, सविस्तर लिहितोय." ताई म्हणायची, "बरं," आणि हवापाण्याकडे वळायची. तिचं ते 'बरं' आठवड्यागणिक आखूड होत चाललं होतं. ते काकांना कळत होतं, आणि कळत होतं म्हणूनच पत्र अधिकाधिक चांगलं करावंसं वाटत होतं.

त्यातून काकांना नवनव्या अ‍ॅपचा नाद. निवृत्त झाल्यावर लोक कुंड्यांत गुलाब लावतात, काकांनी फोनमध्ये अ‍ॅप लावली. एखादी नवी सेवा निघायचा अवकाश, काकांचं खातं उघडलेलं. टिपणं ठेवायला त्यांच्याकडे चार अ‍ॅप होती आणि कुठलं टिपण कुठल्या अ‍ॅपात आहे हे सांगायला पाचवं. पत्राची सुरुवात एकात होती, माफी दुसऱ्यात होती, आणि मधला मजकूर ज्याच्यात होता त्याची फुकट वापरायची मुदत संपल्यामुळे तो कुलपात अडकला होता.

"ताईंना कळवलंत का?" काकू विचारायच्या.

"मधला भाग सुटला की लगेच."

"एवढ्या वेळात माणूस त्यांच्याकडे पायी जाऊन आला असता."

शेवटी काकांना एक सर्वगुणसंपन्न सेवा सापडली. लिहिणं, जपणं, पाठवणं, सगळं एका छताखाली. शिवाय ओळखीच्या माणसांची वर्गवारी करायची सोय! वर्गवारी म्हटल्यावर काकांना तहानभूक राहिली नाही. 'घरचे' हा वर्ग उघडताना त्यांनी आधी नियम केला: ज्याचे पाय घराला लागतात तो घरचा. आणि एकदा नियम केला की काका त्याला अपवाद करत नसत. त्यामुळे काकू, पुतणी, ताई, वरच्या मजल्यावरचे इमारतीचे सेक्रेटरी, प्लंबर आणि विमा एजंट हे सगळे एकाच फळीवर जाऊन बसले.

शनिवारी सकाळी लॅपटॉपवर पत्र पुरं झालं. पण पाठवण्याआधी ते कुणाच्या तरी नजरेखालून गेलेलं बरं. काकू पलीकडे स्वयंपाकघरात शेंगा सोलत होत्या. काकांनी 'घरच्यांना दाखवा' हे बटण दाबलं. 'त्यांना बदल करू द्यायचे का?' अशी पृच्छा झाली. काकूंचं शुद्धलेखन चांगलं होतं. काका 'हो' म्हणाले.

आतून काकूंचा फोन किणकिणला. "अहो, हाक मारायची की! हातभर अंतरावर तर आहे मी."

"हाकेची नोंद राहत नाही," काका म्हणाले.

मग पत्रात काहीतरी हललं. पहिल्या परिच्छेदात कर्सरची एक हिरवी काडी लुकलुकायला लागली. पाठोपाठ एक जांभळी. काकांच्या डोळ्यांदेखत अर्धं पान माफी नाहीशी झाली आणि तिथे पुतणीचे शब्द उमटले: 'काका, किती लांबण! आत्याला झोप लागेल.' त्याच्याखाली तीन बदाम आणि एक नाचणारं अस्वल.

"अगं, हे काय चाललंय?" काका ओरडले.

"मी कुठे काय केलंय? माझे हात शेंगांत आहेत!"

तेवढ्यात सेक्रेटरींनी ठळक अक्षरांत एक कलम घातलं: 'पाहुणे आठवड्याहून अधिक राहणार असल्यास लेखी कळवावे.' विमा एजंटाने त्याला जोडून विचारलं, 'ताईंचं वय काय हो?' आणि प्लंबरने शेवटी लिहिलं, 'काका, ताई येणार तर बाथरूमचा गीझर नको का बघायला? मी जवळच आहे. येतो.'

काकांनी पत्राचं दार लावून घ्यायची धडपड केली. पण सगळ्यांना बाहेर काढायला आधी ओटीपी हवा होता. ओटीपी फोनवर आला होता आणि फोन बेडरूममध्ये चार्जिंगला होता. धावत जाऊन काका आकडे पाठ करत परतले, तोवर त्या आकड्यांची मुदत संपली. दुसऱ्या खेपेला दारावरची बेल वाजली. प्लंबर पेटी घेऊन उभा होता.

"काका, पत्र झकास झालंय," तो म्हणाला. "फक्त ते दुसरं पान कळलं नाही. ताईंना या म्हणताय का येऊ नका?"

काका मटकन खुर्चीत बसले. "असं वाटतं का रे वाचून?"

"तसं नाही... म्हणजे, थोडं वाटतं."

काकू हात पुसत आल्या आणि काकांच्या खांद्यावरून वाचू लागल्या. वाचता वाचता त्यांचा चेहरा बदलला. "अहो, 'तुझ्या प्रकृतीचा आणि प्रवासाच्या दगदगीचा साकल्याने विचार करता' म्हणजे काय? हे नको म्हणायचं सभ्य भाषेतलं पत्र आहे! आणि हा वर कोण?"

पडद्याच्या कोपऱ्यात एक चित्र होतं. त्याखाली लिहिलं होतं, 'अनामिक पाणघोडा'.

"कोणी खातं न उघडता आत आलं की अ‍ॅप त्याला एखाद्या प्राण्याचं नाव देतं," काकांनी माहिती पुरवली. "एजंट असेल."

"एजंट आपलं नाव लपवेल? नाव छापलेली कॅलेंडरं वाटतो तो."

पाणघोड्याची काडी दुसऱ्या पानावर, साकल्याच्या शेजारी, निमूट लुकलुकत होती. काकांनी ते पान पुसून टाकलं आणि लिहिलं, 'ताई, तू आलीस की मला लहान झाल्यासारखं वाटतं.' लगेच खोडलं. या वयात कोणी असं लिहितं का? 'तुझ्या आगमनाने आम्हांस आनंद होईल.' हेही खोडलं. पुन्हा पहिलं वाक्य लिहिलं. पुन्हा खोडायला लागले.

पाणघोड्याची काडी हलली.

'छोट्या, खोडू नकोस.'

काकांना छोट्या म्हणणारं माणूस जगात एकच उरलं होतं.

'ताई?' काकांनी लिहिलं. 'तू कधीपासून आहेस इथे?'

'सकाळपासून. मला वाटलं होतं, तुला मी नको आहे आणि सांगायचा संकोच होतोय. तुझं ते 'साकल्याने' वाचल्यावर तर खात्रीच पटली होती. आत्ताचं ते वाक्य आधीच लिहिलं असतंस तर?'

'ते बरं दिसेना.'

'गाढवा. उद्या सकाळच्या गाडीने निघते.'

त्याखाली प्लंबरने फोनवरून टाकलं, 'ताई, गीझर होतोय.' पुतणीने पुन्हा अस्वल नाचवलं. सेक्रेटरींनी आपलं कलम स्वतःच काढून टाकलं.

'मग आता पत्राचं कामच उरलं नाही,' काकांनी सुटकेचा श्वास टाकत लिहिलं.

'वा रे वा! मी कागदावर विचारलं होतं, कागदावरच सांगायचं. पोस्टाने.'

'पण तू इथे असशील आणि पत्र तिथे कुलूप लावलेल्या घरात जाऊन पडेल!'

'पडू दे. परत गेल्यावर दारात 'ये' म्हणून पत्र पडलेलं असलं, म्हणजे पुन्हा यायला बरं.'

यावर वाद घालण्यासारखं काही नव्हतं. काकांनी कागद घेतला, त्यावर लिहिलं, 'ताई, ये.' आणि सवयीने तो काकूंपुढे धरला. काकूंनी वाचला, पाकिटात घालून चिकटवून टाकला आणि काकांच्या हातात चपला दिल्या. काका कोपऱ्यावरच्या पेटीपाशी गेले, उगाच एकदा पत्ता तपासला, आणि पत्र आत सोडलं.