दोनशे चौदा खड्ड्यांचं सस्पेन्शन

माणसाला एका आयुष्यात एक तर रस्ता सुधारता येतो, नाही तर गाडी. रस्त्याला अर्ज लागतो, गाडीला पाना. म्हणून विचारी माणसं पाना उचलतात.

श्रीगोंदा तालुक्यातले आप्पासाहेब हे असे विचारी गृहस्थ. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरून निवृत्त झालेले आणि १९६९ सालच्या पांढऱ्या फियाटचे मालक. दर माघात जुन्या मोटारींची शर्यत होते, गावाच्या फाट्यापासून भिंगारच्या वेशीपर्यंत, एकतीस किलोमीटर. (सार्वजनिक रस्त्यावर शर्यतीला परवानगी मिळत नाही, त्यामुळे कागदोपत्री ती 'जुन्या वाहनांची मिरवणूक, घाईची' असते.) गेल्या साली आप्पासाहेब अकरावे आले. गाड्या अकराच होत्या. शिवाय शेजारच्या सीटवर बसलेल्या बनुबाईंचं, म्हणजे त्यांच्या पत्नीचं, डोकं छताला सतरा वेळा लागलं.

"औंदा सस्पेन्शन बदला," बनुबाई म्हणाल्या, "न्हाईतर बायको बदला."

दुसरा पर्याय खर्चिक असल्याने पहिल्याचा अभ्यास सुरू झाला.

पुण्याच्या एका जाणकाराने फोनवर सांगितलं की शर्यतीच्या गाडीला कडक स्प्रिंगा लावाव्यात आणि ती दोन इंच खाली घ्यावी. भिंगारचे कानिफनाथ मिस्त्री हे ऐकून बराच वेळ गाडीखालून बाहेरच आले नाहीत. मग म्हणाले, "आप्पा, दोन इंच खाली घेतली तर तुमी भिंगारला पोचाल, पन इंजिन फाट्यावरच ऱ्हाईल."

गावातून उसाच्या ट्रॉलीचे पाटे बसवण्याची सूचना आली. ते बसवून पाहिले. दहा टन ऊस भरल्यावर फियाट अतिशय मऊ चालेल, असं अनुमान निघालं. (ऊस भरायला नियमात मनाई नव्हती. जागा नव्हती.)

शेवटी कानिफनाथांनी मूळ प्रश्न विचारला. "खड्डे कसले हायेत, ते सांगा. मंग शॉकअप सांगतो."

हे फक्त बनुबाईंना ठाऊक होतं. एकतीस वर्षं अंगणवाडी सेविका म्हणून त्यांनी याच रस्त्यावर एसटीच्या शेवटच्या सीटवर प्रवास केला होता. त्यांनी वही काढली आणि खड्डे लिहिले: क्रमांक, बाजू, खोली आणि स्वभाव. 'क्र. ८८, डावा, दिसायला गरीब.' 'क्र. १४०, मधोमध, यात उन्हाळ्यात म्हैस बसते.' एकूण दोनशे चौदा, त्यांपैकी एकशे एकतीस डावे.

त्यावरून कानिफनाथांनी डाव्या बाजूला मऊ स्प्रिंग आणि लांब शॉकअप बसवले, उजवीकडे कडक. मागचा एक पाटा काढून दुसरीकडचा अर्धा घातला. गाडी आता उभी असताना डावीकडे झुकायची, कुणाची कागाळी ऐकत असल्यासारखी. खड्ड्यात मात्र ती सरळ व्हायची. चाचणीत बनुबाईंच्या हातातला चहा सांडला नाही. पुढे दीडशे मीटर सपाट रस्ता लागला, तेव्हा सांडला.

शर्यतीला नऊ दिवस उरले असताना फाट्यावर खडी येऊन पडली. पाठोपाठ रोडरोलर आला. रस्ता दुरुस्त होणार होता.

आप्पासाहेबांचा चेहरा उतरला. मागच्या बारा वर्षांत त्यांनी रस्ता दुरुस्त व्हावा म्हणून सतरा अर्ज केले होते. अठरावा त्यांनी तासाभरात लिहिला: 'सदर दुरुस्ती झाल्यास अर्जदाराचे सस्पेन्शन निरुपयोगी होऊन त्याचे अपरिमित नुकसान होणार आहे. तरी खड्डे आहेत त्या स्थितीत ठेवावेत, ही विनंती.'

बांधकाम खात्याच्या साहेबांनी अर्ज उभ्या उभ्या मंजूर केला. त्यांचे डोळे भरून आले होते. "आप्पासाहेब, नागरिकाच्या अपेक्षेला आम्ही पूर्णपणे उतरू शकलो, असं आज पहिल्यांदाच झालं," ते म्हणाले. रोलर त्याच संध्याकाळी माघारी गेला.

बनुबाईंनी त्या दिवशी भाकरी आपटून वाढली. "शेजारच्या रुपालीला नववा लागलाय. तिला दवाखान्यात कशावरनं न्यायचं?"

"आपली फियाट हाय की."

"ती शर्यतीला जानार."

"जानार भिंगारलाच ना?" आप्पासाहेब म्हणाले. तर्क बिनतोड होता, म्हणून बनुबाई त्यांच्याशी तीन दिवस बोलल्या नाहीत.

शर्यतीच्या सकाळी झेंडा पडायला दहा मिनिटं असताना रुपालीला कळा सुरू झाल्या. रुग्णवाहिकेने फोनवर रस्ता कुठला ते विचारलं आणि ऐकून फोन ठेवला. तिला फियाटच्या मागच्या सीटवर घेतलं. बनुबाई तिच्याजवळ बसल्या आणि तिथूनच वही वाचू लागल्या. "डावा, खोल. उजवा, लबाड. रुपाली, लांब श्वास घे."

"काकू, खड्डा आला का?" रुपालीने विचारलं.

"आला आन् गेलाबी."

पण मूल नकाशा पाहून येत नाही. बाविसाव्या किलोमीटरला आप्पासाहेबांना गाडी बाभळीखाली थांबवावी लागली. ते पाठ फिरवून उभे राहिले. अठरावा अर्ज त्यांना शब्दन् शब्द आठवत होता. एकोणचाळीस मिनिटांनी मुलगी रडली आणि तिच्यामागोमाग आप्पासाहेबही.

तरीही फियाट पहिली आली. बाकीच्या दहा गाड्या क्र. ८८ ते क्र. १४० यांच्या दरम्यान विसावल्या होत्या. त्यांतल्या एका गाडीच्या मालकाने, पारनेरच्या काकासाहेबांनी, आक्षेप घेतला, की निघताना माणसं तीन आणि पोचताना चार, हे नियमात बसत नाही. पंचांनी नियमावली चाळली. वाटेत प्रवासी घेण्यास मनाई होती. वाटेत जन्मण्यास नव्हती.

आई आणि लेक दवाखान्यात सुखरूप पोचल्या. शर्यतीची ढाल हातात घेऊन आप्पासाहेब व्हरांड्यात बसले होते. बनुबाई बाहेर आल्या. "पोरगी वाचली ती माझ्या हातानं. तुमच्या स्प्रिंगनं न्हाई," त्या म्हणाल्या आणि हात धुवायला गेल्या. आप्पासाहेबांनी ढाल बाकाखाली सरकवली.

बांधकाम खात्याच्या कार्यालयाने मात्र या घटनेतून योग्य तो बोध घेतला. परिपत्रक निघालं: 'रस्त्यांबाबतच्या तक्रारी यापुढे सस्पेन्शनबाबतच्या तक्रारी समजण्यात याव्यात.' आता तालुक्यातल्या रिक्षा, दुधाचे टेम्पो आणि शाळेची बस, सगळ्या कानिफनाथांकडे रांगेत उभ्या असतात, डावीकडे झुकून. कुणी कुरकुर करत नाही. चर्चा चालते ती कुणाचे शॉकअप किती लांब, याची.

तुम्हाला हसू आलं असेल, तर उत्तम. फक्त एक आठवून पाहा. मागच्या वेळी गाडी घ्यायला गेलात, तेव्हा शोरूममध्ये वाकून तुम्ही काय विचारलं होतंत? जमिनीपासून उंची किती, हेच ना? आणि उत्तर ऐकून खूश झाला होतात. तुमचाही अर्ज मंजूर झालेला आहे.