बावन्न प्रमुख पाहुणे

"येत्या रविवारी पन्नास मान्सं आणा, बंडोपंत. अन् शेवटपर्यंत बसलेली पायजेत. मधून उठून गेलेली मी मोजणार न्हाई. न्हाई जमलं तर सोमवारपासून हॉल शिवणक्लासला," वाचनालयाचे अध्यक्ष किसनराव म्हणाले आणि चहाचा कप बशीत पालथा घालून उठले.

बंडोपंत तहसिलीतून निवृत्त झाले त्याला सहा वर्षं झाली होती आणि तेव्हापासून कळमनुरीला चांगला सिनेमा दाखवायचा त्यांनी विडाच उचलला होता. चांगला म्हणजे ज्याचं नाव कुणी ऐकलेलं नाही असा. दीपस्तंभावर एकटाच राहणारा माणूस, मिठागरातल्या बायका, बंद पडलेल्या घड्याळांचं गाव, कोळ्याने एक जाळं विणलं त्यावर सव्वा तासाचा माहितीपट. असे दोनशे बारा चित्रपट त्यांच्या वहीत तारखेनिशी नोंदलेले होते. "जे सगळेच बघतात ते दाखवायला मी कशाला पाहिजे?" असं ते म्हणत. प्रेक्षक चार. स्वतः बंडोपंत, पत्नी सुनीतीबाई, हॉलची किल्ली जिच्याकडे होती म्हणून ग्रंथपाल शिवकन्या, आणि हॉलचा पंखा चांगला म्हणून बाबूसिंग. यांतल्या सुनीतीबाई दहाव्या मिनिटाला झोपत.

"आता आपलं चित्रपट मंडळ बुडालं," घरी येऊन बंडोपंत खुर्चीत बसले. त्यांचा चेहरा खरोखर पाहवत नव्हता.

सुनीतीबाई मेथी निवडत होत्या. "अहो, आपल्याकडे माणूस कार्यक्रमाला कधी येतो? पत्रिकेत नाव असलं की. छापा नावं."

"किती?"

"पन्नास हवेत ना? मग पन्नास छापा. वरती दोन जास्तीची. ऐनवेळी कुणाकडे दहावा-तेरावा निघाला तर?"

अशी बावन्न नावांची पत्रिका निघाली. उतरती भाजणी लावायची तर कुणाला खाली घालायचं हा प्रश्न आला. बंडोपंतांनी नोकरीभर कुणाला दुखावलं नव्हतं, त्यांनी बावन्नही नावं 'प्रमुख पाहुणे' या एकाच मथळ्याखाली घातली. घरोघर पत्रिका गेल्या. प्रत्येकाने तीत फक्त स्वतःचं नाव वाचलं.

रविवारी चारच्या ठोक्याला बावन्नच्या बावन्न हजर झाले. कडक इस्त्रीचे कपडे, दोघा-तिघांच्या डोक्याला फेटे. दारात उभं राहून मोजणाऱ्या किसनरावांची बोटं थकली. बंडोपंतांना गहिवरून आलं, पण तेवढ्यात पहिली अडचण समोर आली. प्रमुख पाहुणा दुसऱ्या रांगेत बसत नाही.

"माझं नाव छापलंय, मी मागं काहून बसू?" माजी सरपंच नर्मदाबाईंनी विचारलं. त्यांचं ऐकून मागचे सगळे उभे राहिले. शेवटी शिवकन्येने हॉलच्या तीन भिंतींना लागून एकच लांबलचक रांग लावली. सगळेच पहिल्या रांगेत आले. मधली जागा मोकळी राहिली, लग्नाचा मांडव असावा तशी.

दुसरी अडचण सत्काराची. बंडोपंतांनी किसनरावांसाठी एक शाल आणि एक नारळ आणला होता. आता बावन्न जणांच्या माना शालीसाठी वाकून तयार होत्या.

"काळजी करू नका," सुनीतीबाई कुजबुजल्या. त्यांनी शाल घातली, फोटो काढला आणि पाहुणा बसताच "उकडत असेल हो भाऊ, घडी घालून ठेवते," म्हणत मागून हळूच ओढून घेतली. नारळही असाच हातोहात फिरला. सगळ्यांना सगळं दिसत होतं, पण आपला फोटो निघाल्याशी मतलब, म्हणून कुणी बोललं नाही. यात पाऊण तास गेला.

मग मनोगतं सुरू झाली. आता खरा पेच होता. पाहुण्याची रीतच अशी की भाषण झालं की घड्याळ बघायचं आणि निघायचं. पहिले वक्ते हळदीच्या भावावर बोलले आणि "सेनगावला साखरपुडा हाय" म्हणून गेले. दुसऱ्यांना कुरुंद्याला जायचं होतं. किसनराव दारातून ओरडले, "पन्नास राहिले, बंडोपंत!"

तिसरे तातेराव. ढोरांच्या बाजारात त्यांचा शब्द शेवटचा. तेही भाषण आटोपून, दस्ती खांद्यावर टाकून दाराकडे निघाले. सुनीतीबाईंनी नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि शिवकन्येला खूण केली. पडदे पडले, दिवे गेले, प्रोजेक्टर लागला.

चित्रपट कुठल्याशा बर्फाळ डोंगरातला होता. एक म्हातारी आणि तिची एक गाय. पावणेदोन तासांत सात वाक्यं. पहिल्याच दृश्यात गाय गोठ्यात बसली होती आणि म्हातारी तिला उठवत होती. गाय उठत नव्हती.

दाराशी पोचलेले तातेराव थबकले. "गाभण हाय ही," ते म्हणाले. "दिस भरलेत."

"म्हातारी एकलीच हाय का घरात?" नर्मदाबाई बोलल्या. "खाली पेंढा तर टाक गं माय! गारठलंय ते जनावर."

पडद्यावर म्हातारीने खरोखरच पेंढा टाकला. हॉलभर समाधानाचा सुस्कारा ऐकू आला. तातेराव मिळेल त्या खुर्चीत बसले. बाजूच्या भिंतींचे पाहुणे माना पिळून बघत होते, मग एकेक जण मधल्या मोकळ्या जागेत येऊन चक्क मांडी घालून बसला. फेटे उतरले. गायीने कान हलवला की बायका हात जोडत. गेली सहा वर्षं बंडोपंतांना असा प्रेक्षक स्वप्नातच दिसत आला होता. ते अंधारात डोळे पुसत राहिले.

शेवटी म्हातारीने गायीच्या पाठीवर हात ठेवला, दाराबाहेर बर्फ पडत राहिला आणि पाट्या आल्या. दिवे लागले. कुणीही उठेना.

"लाईट काहून लावला?" किसनरावांनी विचारलं.

"संपला."

"काय संपला? गाय तशीच बसून राहिली की!"

बंडोपंत पुढे झाले. ही वेळ त्यांच्या आवडीची. "मंडळी, हेच तर या चित्रपटाचं मोठेपण आहे. शेवट दिग्दर्शक सांगत नाही. तो प्रत्येकाने आपापल्या मनात शोधायचा."

"माझ्या मनातलं काय इचारता?" तातेराव कडाडले. "गोठ्यात काय झालं ते सांगा!"

"बराबर हाय," किसनराव म्हणाले. "अन् बंडोपंत, आपलं शेवटपर्यंत बसायचं ठरलं व्हतं. शेवटच आला न्हाई तर मी हॉल कसा देऊ?"

पन्नास चेहरे बंडोपंतांकडे लागले होते. दोनशे बारा चित्रपटांत त्यांनी एकदाही कुणाला शेवट सांगितला नव्हता. त्यांनी सुनीतीबाईंकडे पाहिलं. आज पहिल्यांदाच त्या टक्क जाग्या होत्या.

"उठली," बंडोपंत म्हणाले.

"कवा?"

"तिसऱ्या दिवशी. डॉक्टर आला. कॅल्शियम दिलं."

"शिरेतून का कातडीखाली?" तातेरावांनी डोळे बारीक केले.

बंडोपंतांनी अंदाज मारला. "शिरेतून."

"मंग उठतीच!" तातेरावांनी मांडीवर थाप मारली.

"अन् काय झालं? गोऱ्हा का कालवड?" नर्मदाबाई.

"कालवड."

टाळ्यांनी हॉल दणाणला. किसनरावांनी वर्षभरासाठी हॉल दिल्याचं जागेवरच जाहीर केलं, आणि ती एकुलती शाल बंडोपंतांच्या खांद्यावर पडली. या वेळी ती मागून कुणी ओढली नाही.

घरी पोचल्यावर बंडोपंत फाटक उघडताना म्हणाले, "खोटं बोललो मी. सगळ्या सिनेमाचा चुथडा केला."

"तुम्हीच म्हणता ना, शेवट प्रेक्षकानं शोधायचा?" सुनीतीबाई म्हणाल्या. "मग तुम्ही कोण?"

बंडोपंतांना बरं वाटलं. त्यांनी शालीची नीट घडी घातली. सुनीतीबाई कुलूप उघडता उघडता थांबल्या.

"अहो, पण कालवड रंगानं कशी होती?"

बंडोपंत म्हणाले, "तांबडी. कपाळावर पांढरा टिळा."

"मला वाटलंच," म्हणत सुनीतीबाई समाधानाने आत गेल्या.