चौथीच्या खिडकीतील कुंभारणीचे वर्तमान

श्रीशारदा प्रसन्न. खडूची धूळ जिचे अंगीं शोभे त्या फळ्याच्या देवतेस दंडवत घालोन मजकूर लिहिला ऐसा जे: शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, आश्विन मास, ते समयीं एक शाळाराज्य होते. नाव सांगत नाही, कारण तेथील मंडळी हयात आहेत आणि लवकर रागावतात. तख्तीं मुख्याध्यापिका बाईसाहेब विराजमान, आणि चौथी यत्तेचा सुभा सुनंदाबाई धोत्रे यांजकडे. बाईंस विज्ञान शिकविता बावीस वर्षे जाहली होती, स्वभाव अंमळ तंद्रीचा, शिकविता शिकविता खिडकीबाहेर पाहात राहाव्या आणि पोरांनी हळूच हाक मारोन परत आणावे, ऐसा शिरस्ता.

दर साल तपासणीची स्वारी येई आणि उत्तम वर्गास पितळेची ढाल देई, ती सहा वर्षे चौथीतच मुक्कामास होती. त्या सालीं हुकूम सुटला की प्रत्येक मुलाने एक प्राणी, त्याचे खाणे आणि त्याचे राहते ठिकाण ऐसा प्रकल्प करावा. हुकूम मुलांस आणि राबावे आईबापांनी, हा तेथील जुना रिवाज. मग कोणाचे पिताजींनी थर्मोकोलचे वाळवंट उभारिले आणि त्यात उंट रोविले, कोणाचे मातोश्रींनी निळ्या कागदाचा समुद्र केला, आणि मुलांकडे ओझे वाहणे व पाच ओळी घोकणे इतकीच चाकरी उरली. एकट्या मनवा पारधे हिने काही आणिले नाही. तिची आई दिवसभर भाजीच्या गाड्यावर, घरी थर्मोकोल कापणारे कोण? ती आपली वही तेवढी घेवोन आली आणि म्हणाली, "बाई, माझा प्रकल्प आपल्या खिडकीत आहे."

बाई पाहतात तो खिडकीचे कोपऱ्यात मातीची दोन गाडगी, बोराएवढी, कुंभारीण माशीने बांधिलेली. वहीत रोजचे वर्तमान: माशी तोंडात चिखलाची गोळी घेवोन आली आणि दुपारपर्यंत अकरा खेपा केल्या, मग हिरव्या अळ्या ओढोन आणिल्या आणि आत कोंबिल्या, मग तोंड लिंपिले आणि निघोन गेली ती आलीच नाही. तेवीस दिवस पोर हेच पाहात बसली होती.

इतक्यात बाईसाहेबांची स्वारी फेरीस आली आणि म्हणाली, "सुनंदाबाई, परवा तपासणी, आणि खिडकीला चिखल? खरवडून टाका." बाईंनी पट्टी उचलिली, कारण दर साल तपासणीपूर्वी त्या हेच करीत आल्या होत्या, आणि मनवेस समजाविले, "अगं, रिकामी असतात ती घरं. माशी केव्हाच उडून गेली."

मनवा म्हणाली, "नाही बाई. गेली ती आई. पोर आत आहे. ते निघालं असतं तर भोक दिसलं असतं ना? हे बघा, तोंड बंद आहे."

बाईंचा हात जागीच राहिला. फळ्यावर कीटकाच्या चार अवस्था त्यांनी बावीस वर्षे काढिल्या, आणि बावीस वर्षे ही पट्टीही चालविली. खरवडलेली ढेकळे एकामागून एक डोळ्यांपुढे येऊ लागली, आणि एकाचेही तोंड उघडे होते की बंद ते आठवेना. जिवाला फार लागले. मग पट्टी खाली ठेविली आणि म्हणाल्या, "मॅडम, हे मी काढणार नाही."

"ढाल जाईल."

"जाऊ दे."

"मग मुलांना तुम्हीच सांगा," ऐसे बोलोन बाईसाहेब चालत्या जाहल्या.

नेमिले दिवशी तपासणीचे साहेब आले आणि वाळवंटाचे बालधन्यास पुसिले, "उंट काय खातो रे?" पोर बोलिले, "ते पप्पांना विचारावं लागेल." मग साहेबांनी मनवेचे सांगणे ऐकिले, "छान, छान" म्हणाले, खिडकीकडे पाहिले, कागदावर 'वर्गस्वच्छता असमाधानकारक' ऐसे लिहिले आणि चहास गेले. ढाल शेजारचे तुकडीने नेली. मुले रडवेली जाहली, मनवेशी कोणी बोलेना, आणि बाईंसही घोर लागला की आत जीवच नसेल तर या पोरीस काय सांगावे?

सहावे दिवशीं शेवटचे तासास ऊन तिरपे आले होते, पाढे चालले होते, आणि मातीचा एक कण खिडकीत पडला. मग दुसरा. मग गाडग्यास मोहरीएवढे भोक पडले आणि त्यातून दोन मिशा डोकावल्या. पाढे आपसूक थांबले. हलके हलके एक काळीपिवळी कुंभारीण बाहेर आली आणि उन्हात पंख पसरोन बसली, आणि चाळीस मुले जणू झोपेत चालत यावी तैशी खिडकीपाशी जमली. उंटवाल्याने कुजबुजत पुसिले, "बाई, श्वास घेऊ का?" मग ती उडाली, वाळवंटावरून गेली, निळ्या समुद्रावरून गेली, कोठेही न टेकता दारातून बाहेर पडली. दारात बाईसाहेब उभ्या होत्या, त्या बाजूस सरल्या. सुनंदाबाईंचे डोळे वाहात होते, पुसण्याचे भान नव्हते. आजवर त्यांनी हे पुस्तकातच पाहिले होते.

"दुसऱ्यात पण आहे?" बाईसाहेबांनी पुसिले. मनवेने होकाराची मान डोलविली. मग बाईसाहेबांनी शिपायास घंटा देऊ नको म्हणोन खूण केली आणि मुलांच्या बाकावर अंग चोरोन बसल्या.

येणेप्रमाणे शके मजकुरीं चौथीची ढाल गेली, शाळा पाऊण तास उशिरा सुटली, आईबाप फाटकापाशी खोळंबले, आणि दोन जीव सुखरूप बाहेर पडले. घडले ते लिहिले.