गाडी येईपर्यंत पोरं धरून ठेवा

वस्तीतली शांतता पोलिसांच्या संख्याबळावर अवलंबून असते, आणि त्या दृष्टीने धारूर रस्त्यावरची समाधान कॉलनी फार नशीबवान होती. तिच्या चौकीत मंजूर पदं अकरा. भरलेली चार. चौघांतला एक रजेवर, एक कोर्टाच्या तारखेला आणि एक चौकातल्या बॅनरच्या बंदोबस्ताला. बॅनरवर वाढदिवसाचे नेते हात जोडून उभे होते, आणि गेल्या वर्षी कुणीतरी त्यांना पेनाने मिशा काढल्या होत्या (त्यांना आधीच मिशा असल्यामुळे प्रकरण जास्तच गंभीर झालं). उरले हवालदार धुळाजी. ते फोन उचलत. चौकी सोडून त्यांना कुठेही जाता येत नसे, कारण ते गेल्यावर लोकांनी मदतीसाठी फोन केला तर उचलणार कोण?

दहावीतल्या मोहिनीने तो फोन केला. ती संध्याकाळी पाण्याच्या टाकीपलीकडे गणिताच्या क्लासला जायची, आणि नेमकी त्याच वेळी पप्पू आणि त्याचे दोस्त सायलेन्सर बदललेल्या गाड्यांवरून फटाके फोडत पोरींना घासून जायचे. मोहिनीचे पप्पा, बजरंग, जेवताना म्हणाले होते की हे असंच चाललं तर क्लास बंद. मोहिनीला क्लास हवा होता. गणितासाठी हवाच होता, पण तेवढा वेळ आपण आपल्या पायांनी एकटं जाऊन येतो, हे तिला गणितापेक्षाही लई आवडायचं.

धुळाजी अतिशय आपुलकीने बोलले. "गाडी येतीय बाळा. पण आमी येईस्तोवर पोरं तिथंच पायजेत. मोकळ्या रस्त्यावर आमी धरावं कुणाला?"

यात खोट काढायला जागा नव्हती. त्या वर्षी चौकीची गाडी जेव्हा जेव्हा कॉलनीत पोचली, तेव्हा तेव्हा तिथे संपूर्ण शांतता आढळली होती. शंभर टक्के यश म्हणतात ते हेच.

तेव्हा पोरं धरून ठेवण्याच्या उपायांवर विचार करायला कॉलनी मारुतीच्या पारावर बसली. कुणीतरी काठ्या सुचवल्या. जाणत्यांनी त्या नामंजूर केल्या, कारण काठ्यांनी शांतता भंगते. मग महिला मंडळाच्या वनमालाकाकूंनी चहा सुचवला आणि तो एकमताने मंजूर झाला.

दुसऱ्या दिवशी गणपती मंडळाच्या खुर्च्या रस्त्यावर मांडल्या गेल्या. काकूंनी हात आडवा करून गाड्या थांबवल्या आणि "बसा की रे जरा" म्हणाल्या. पोरं आधी घाबरली. त्यांना आजवर कुणी बसायला सांगितलं नव्हतं. पण चहा आला, पोहे आले, पप्पूला साखर कमी लागते हे समजल्यावर त्याचा कप वेगळा आला, आणि पोरं रमली. चौकीला फोन केला की उत्तर यायचं, गाडी निघाली (म्हणजे ड्रायव्हरचा शोध सुरू झाला). तोवर रोजची सोय करणं भाग होतं. पुढे भजी सुरू झाली. बातमी पसरली तशी शेजारच्या कॉलन्यांतूनही पोरं येऊ लागली. ज्यांच्या सायलेन्सरला आवाज नव्हता त्यांना नियमाप्रमाणे परत पाठवलं जाई, आणि ती बिचारी दुसऱ्या दिवशी आवाज बसवून येत.

कॉलनीला आपल्या शिस्तीचा अभिमान वाटू लागला. अडचण एकट्या मोहिनीची होती, कारण आता क्लासला जायचं तर त्या खुर्च्यांच्या मधून जावं लागे. एका संध्याकाळी पप्पूने तिच्यापुढे बशी धरली. "या मॅडम, भजी घेता का?"

मोहिनीने बशी उडवली आणि रिकाम्या खुर्चीवर चढून ती सगळ्या कॉलनीला ऐकू जाईल अशी ओरडली. "आरं ह्ये पाव्हणे न्हाईत! ह्यांना धरायचं होतं तुमी!"

त्याच क्षणी गाडी आली. वाढदिवस संपून बॅनर उतरला होता, त्यामुळे मनुष्यबळ मोकळं झालं होतं. धुळाजींनी उतरून पाहणी केली. तरुण मंडळी खुर्च्यांवर शांत बसलेली. वडीलधारे हसतमुख. एक मुलगी खुर्चीवर उभी राहून आरडाओरडा करतेय आणि रस्त्यावर भजी सांडलीयत. गोंधळ कुणाचा, हे शाळेतल्या पोरालाही कळलं असतं. साक्षीदार जागेवर हजर होतेच (इतके दिवस धरून ठेवल्याचा फायदा). पप्पूने साखर कमी असलेला कप खाली ठेवून खरं ते सांगितलं.

धुळाजी बजरंगला बाजूला घेऊन म्हणाले, "पोरगी गुणाची हाय तुमची. फकस्त जरा आवरा."

त्या रात्री क्लास बंद झाला.

"पप्पा, मी काय केलं?" मोहिनीने विचारलं.

"तू काय न्हाई केलंस. तू घरी आसलीस म्हंजी माझा जीव थाऱ्यावर ऱ्हातो."

बाकीच्या घरांतही असेच जीव थाऱ्यावर आले. रस्त्यावर पोरी नाहीत, म्हणून त्यांना घासून जाणारी पोरंही नाहीत. चौकीतली सात पदं भरण्याची गरजच उरली नाही, कारण आता प्रत्येक उंबऱ्यावर एक माणूस बिनपगारी उभा असतो आणि "कुठं चाललीस?" एवढंच विचारतो.

हे वाचता वाचता तुम्हीही मान वळवून आत पाहिलंत ना, आपली घरात आहे ना म्हणून? छान. आजपासून तुम्ही रुजू. वर्दी मिळणार नाही.